नाक चिमटीत धरून चहा

दुपारनंतर चहा-कॉफी बंद, असं डॉक्टरांनी सासूबाईंना सांगितलं आणि आमच्या घरात रॉयबॉस या चहासारख्या पेयाचा शोध सुरू झाला. संध्याकाळी हातात गरम कप हवा, त्याला रंग हवा, वास हवा, कॅफिन मात्र नको, एवढीच अट होती. मला स्वतःला कोरा काळा चहा आवडतो. मग ठरवलं की फ्लेवर्ड काळे चहा आणि फ्लेवर्ड रॉयबॉस शेजारीशेजारी ठेवून नीट चाखायचे. ते घरच्या घरी कसं जमलं, ते सांगते. ज्यांच्या घरी कुणाला चहा सोडावा लागला आहे, त्यांना याचा उपयोग व्हावा अशी मनापासून इच्छा आहे.

आधी रॉयबॉसविषयी. तो चहाच्या झाडाचा नाहीच. आपला चहा कॅमेलिया सायनेन्सिस या झाडाचा. रॉयबॉस म्हणजे अ‍ॅस्पॅलॅथस लिनिआरिस, तूर-हरभऱ्याच्या कुळातलं, सुईसारख्या पानांचं झुडूप. दक्षिण आफ्रिकेत वेस्टर्न केप प्रांतातल्या सेडरबर्गच्या डोंगराळ भागात ते होतं. पानं आणि कोवळ्या काड्या बारीक कापून, ठेचून, ओलसर ढीग घालतात. हवा लागून ढीग लालसर होतो आणि मग तो उन्हात वाळवतात. 2021 मध्ये युरोपीय संघाने या नावाला भौगोलिक संरक्षण दिलं. यात कॅफिन मुळातच नसतं, त्यामुळे ते काढून टाकण्याचा प्रश्नच येत नाही. टॅनिन, म्हणजे तोंडाला तुरटपणा आणणारा घटक, तोही काळ्या चहापेक्षा बराच कमी.

पाकिटं निवडताना मी वेळ घेतला तो मागच्या बाजूची घटकांची यादी वाचण्यात. सासूबाईंना ब्लडप्रेशरची गोळी चालू आहे. रॉयबॉसच्या कितीतरी मिश्रणांत गोडव्यासाठी ज्येष्ठमध असतो आणि तो नेमाने घेतला तर रक्तदाब वाढू शकतो. म्हणून ज्येष्ठमध असलेली पाकिटं मी परत ठेवली. दुसरं, ‘बेरी’ किंवा ‘फ्रूट’ म्हणून जे मिळतं त्यात बहुतेक वेळा हिबिस्कस असतं, म्हणजे लाल अंबाडीच्या फुलाच्या बुडाशी असलेली मांसल निदलं. रंग सुरेख येतो, पण आंबटपणामुळे त्यात दूध घातलं की फाटतं. आणि तिसरं, पाकिटात दिसणारे फळांचे तुकडे, फुलांच्या पाकळ्या यांनी कपात फारसं काही उतरत नाही. काम करतं ते पत्तीवर शिंपडलेलं तेल किंवा अर्क. शेवटी घेतले ते असे: साधा आसाम ऑर्थोडॉक्स (म्हणजे दाणेदार नव्हे, वळलेल्या पानांचा), अर्ल ग्रे (म्हणजे बर्गमॉट या फळाच्या सालीचं तेल लावलेला), व्हॅनिला आणि आंबा हे काळे, साधा रॉयबॉस, व्हॅनिला रॉयबॉस आणि संत्रं-दालचिनी रॉयबॉस. दोन्हींतला साधा प्रकार घ्यायचाच, हा माझा आग्रह होता. पाया कसा आहे हे माहीत नसेल तर वर काय चढवलंय ते कळणार कसं?

चाखायची पद्धत शिकवली ती आमच्या खालच्या मजल्यावरच्या मुलीने. आमच्या नाशिकला द्राक्षं आणि वाइनरी काही कमी नाहीत. ती एका वाइनरीच्या टेस्टिंग रूममध्ये काम करते. तिने मला सांगितलं, “काकू, आधी बघायचं, मग वास घ्यायचा, मग घोट. आणि नाव झाकून.” मग पांढरे चिनी मातीचे कप घेतले, तळाला खडूने खुणा केल्या आणि मांडणी माझ्या मुलाकडे दिली. सकाळची वेळ धरली, पण देवघरात उदबत्ती लागायच्या आधी आणि ओट्यावर फोडणी पडायच्या आधी. घरात हिंग-मोहरीचा वास असेल तर बर्गमॉट कुठून सापडणार! दोन कपांच्या मध्ये कोमट पाण्याचा घोट आणि चार साधे मुरमुरे.

पाण्याबद्दल थोडं लांबवते, कारण यावर कुणी बोलत नाही. आमच्या इमारतीत दोन पाणी आहेत: महापालिकेचं, म्हणजे गंगापूर धरणाचं, आणि बोअरचं. एकाच पत्तीचा चहा दोन्हींत करून पाहिला. बोअरच्या पाण्यातल्या चहावर थोड्या वेळात तपकिरी तवंग आला आणि रंग मंद, मातकट झाला. जड पाण्यातले क्षार आणि चहातले घटक हवा लागून एकमेकांशी मिळतात, त्याचा हा तवंग. नळाच्या पाण्यातला चहा स्वच्छ, तांबूस. फिल्टरचं अगदी कमी क्षारांचं पाणीही पाहिलं. त्यात चहा मला पोकळ लागला. तेव्हा नळाचंच पाणी, ताजं उकळलेलं. नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण सहाशे मीटर उंच आहे, त्यामुळे आपल्याकडे पाणी शंभराऐवजी 98 अंशांच्या आसपास उकळतं. काळ्या चहाला आणि रॉयबॉसला पूर्ण उकळी लागते, म्हणून उकळी फुटली की लगेच ओतायचं आणि वर बशी झाकायची.

मापासाठी जागतिक प्रमाण आहे, आयएसओ 3103: दर 100 मिलिलीटर पाण्याला 2 ग्रॅम पत्ती, सहा मिनिटं. ते मुद्दाम इतकं कडक ठेवलंय की पत्तीतले दोष वर यावेत. व्यापाऱ्याला ते उपयोगी. घरच्यांसाठी मी आपण पितो तसाच कप धरला. 200 मिलिलीटरला काळी पत्ती अडीच ग्रॅम, चार मिनिटं. रॉयबॉस तीन ग्रॅम, सात मिनिटं. सोनं मोजायचा असतो तसा छोटा डिजिटल काटा ऑनलाइन मिळतो, तो घ्याच. आंब्याच्या चहाची पत्ती मोठी आणि फुगीर, रॉयबॉस सुयांसारखा बारीक. चमच्याने मोजलं तर दोघांची तुलना होतच नाही.

आता नाकाचं. वाइनरीतल्या त्या मुलीने सांगितलेली सगळ्यात मोलाची गोष्ट ही: पहिला घोट नाक चिमटीत धरून घ्यायचा. जिभेला गोड, आंबट, खारट, कडू आणि उमामी (टोमॅटो-मशरूममध्ये असते ती चव) एवढंच कळतं, आणि तोंडाला तुरटपणा जाणवतो. व्हॅनिला, आंबा, संत्रं हे सगळं घशामागून नाकाकडे जाणाऱ्या वासातून कळतं. नाक धरलं की फ्लेवर पुसला जातो आणि खाली उरतो तो निव्वळ पाया. आम्ही सगळे कप असे फिरवले. व्हॅनिलाचा काळा चहा नाक धरून प्यायलो तर नुसता कडू आणि तुरट. नाक सोडलं आणि व्हॅनिला एकदम आली. मुलगा ओरडलाच, “आई, आत्ता आला वास!” आंब्याच्या पाकिटाचा वास सगळ्यात जबरदस्त होता, पण खालचा चहा इतका अशक्त की चौथ्या घोटाला कंटाळा आला. माझं मत तेव्हा पक्कं झालं: फ्लेवर्ड चहा घेताना नाक धरूनही प्यावासा वाटेल असाच घ्यावा. ज्या पत्तीची स्वतःची चव धड नाही, तिच्यावर वासाचं आवरण घालून विकणं सोपं असतं.

अर्ल ग्रे या कसोटीला छान उतरला. त्यातला बर्गमॉट म्हणजे इटलीच्या कॅलाब्रिया भागात होणारं लिंबाच्या जातीचं फळ, त्याच्या सालीचं तेल. लिंबाच्या रसासारखी आंबटाई तेलात नसते, म्हणून थोडं दूध घातलं तरी फाटत नाही. पण दुधाने तो वास दबतो, कोराच बरा. काळे चहा निवतील तसा त्यांचा तुरटपणा वाढत गेला. गरम असताना जे लपलं होतं, ते कोमट झाल्यावर सगळं समोर आलं. म्हणून प्रत्येक कप गरम आणि कोमट असा दोनदा चाखायचा.

रॉयबॉसचं उलट. निवला तरी तो कडवट होत नाही, सात मिनिटांची पंधरा झाली तरी बिघडत नाही. टॅनिन कमी असण्याचा खरा फायदा इथे दिसला. नाक धरल्यावरही त्यात अगदी हलकी गोडी राहते, आणि नाक सोडलं की वाळकं गवत, थोडा मध, थोडं लाकूड. सासूबाईंनी साधा रॉयबॉस पहिल्यांदा प्यायल्यावर म्हटलं, “अगं, हा काढ्यासारखा आहे.” मी आग्रह केला नाही. मग व्हॅनिलाचा कप गेला. तो त्यांना आवडला, पण “खिरीचा वास येतो, चहाचा नाही” असं त्यांचं म्हणणं. संत्रं-दालचिनीवर मात्र त्या थांबल्या आणि कप रिकामा करूनच खाली ठेवला. साखर लागली का, विचारलं तर आठवणच झाली नव्हती. ज्यांना साखर कमी करायची आहे त्यांनी हे लक्षात घ्यावं.

त्यांना चहा उकळायचीच सवय, भांड्यात, मंद आचेवर. काळी ऑर्थोडॉक्स पत्ती तशी उकळली तर वाया जाते, रॉयबॉस मात्र छान निघतो; दूध घालायचं असेल तर उकळूनच करावा, नाहीतर पांचट लागतो. मग आम्ही पुढे गेलो. साध्या रॉयबॉसमध्ये कुंडीतल्या गवती चहाची दोन पाती, संत्र्याची वाळवलेली साल आणि दालचिनीचा तुकडा घातला. पाकिटातल्या तयार मिश्रणापेक्षा हा मला सरस वाटतो: वास सौम्य, पण शेवटच्या घोटापर्यंत टिकतो. आलं घातलं तर रॉयबॉस पार हरवतो, ते टाळलं. आता संध्याकाळी सहाला हाच होतो आणि सासूबाई स्वतःच करून घेतात.

डबे वेगवेगळे ठेवा, घट्ट झाकणाचे, मसाल्याच्या डब्यापासून लांब. अर्ल ग्रे शेजारी ठेवलेल्या साध्या पत्तीलाही आपला वास देतो. पाकीट लहान घ्या, कारण शिंपडलेला वास पत्तीच्या आधी उडून जातो. पुढच्या खेपेला हिरवा रॉयबॉस आणायचा आहे, ढीग न घालता लगेच वाळवलेला. त्याचाही पहिला घोट नाक धरूनच.