व्हीटी बघायची तर आधी रस्ता ओलांडा

लोकलनं सीएसएमटीला, म्हणजे जुन्या व्हीटीला, उतरणारा माणूस इमारतीच्या पाठीमागे उतरतो. गर्दीच्या रेट्यात बाहेर पडून सबवेत शिरतो आणि पाहायचं ते सगळं डोक्यावर राहून जातं. मुळात या इमारतीच्या घुमटाखाली गाडी येतच नाही. ही जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्शुला) या जुन्या रेल्वे कंपनीची कचेरी, फलाट तिच्या मागे. घुमटाखाली आहे तो जिना. एवढं लक्षात ठेवलं की बघण्याचा क्रम आपोआप ठरतो: आधी बाहेरून, मग आतून आणि फलाट सगळ्यात शेवटी.

वार सोमवार ते शुक्रवारच धरा. आतला वारसा भाग आणि छोटं संग्रहालय कामाच्या दिवशी, सहसा दुपारी ३ ते ५ या वेळात तिकीट काढून दाखवतात. पुनर्विकासाची कामं निघाल्यापासून आवारातल्या वाटा बदलत असतात, त्यामुळे वेळ, दर आणि प्रवेशाचं दार त्याच दिवशी विचारून घ्यावं. रविवारी मोकळी मुंबई मिळेल म्हणून आलेले बरेच जण बंद दारावरून परततात.

दर्शनी बाजू पश्चिमेला, दादाभाई नौरोजी रस्त्याकडे आहे. म्हणजे सकाळी सूर्य इमारतीच्या मागे असतो, नक्षी काळवंडलेली दिसते आणि फोटोत आभाळ पांढरं येतं. दुपारी अडीचच्या सुमारास पोहोचा. सबवेतून महापालिकेच्या बाजूला वर या. रस्ता वरून ओलांडण्याच्या भानगडीत पडू नका. समोरच्या चौकातल्या सेल्फी पॉइंटवरून पूर्ण इमारत चौकटीत बसते. दुर्बीण असेल तर जरूर आणा, इथं ती कॅमेऱ्यापेक्षा जास्त कामाला येते.

नजर वरून खाली आणा. घुमटाच्या टोकावर ‘प्रगती’ची मूर्ती आहे, एका हातात मशाल आणि दुसऱ्यात चाक. घुमट अष्टकोनी, फासळ्यांचा. या फासळ्या एकमेकींत खाचा घालून अडकवल्या आहेत, त्यामुळे खालून सेंटरिंग, म्हणजे तात्पुरता आधार, न देता तो उभा राहिला. गवंडीकामाची थोडी जाण असलेल्यानं इथं पाच मिनिटं तरी थांबावं. घड्याळाखालचा कोनाडा रिकामा दिसतो. तिथं व्हिक्टोरिया राणीचा पुतळा होता, तो स्वातंत्र्यानंतर काढला. भिंतीवरच्या गोल चौकटींत कंपनीच्या संचालकांचे चेहरे आहेत. त्यांत जगन्नाथ शंकरशेट आणि जमशेटजी जीजीभाई शोधा. निरनिराळ्या समाजांची माणसं पागोट्यांवरून ओळखू येतात. जुन्या मुंबईत कोण कोण राहत होतं, हे दगडातच लिहिलंय. फाटकाच्या खांबांवर एकीकडे सिंह, म्हणजे ब्रिटन, आणि दुसरीकडे वाघ, म्हणजे हिंदुस्थान. ‘प्रगती’ आणि हे दोन्ही प्राणी शिल्पकार थॉमस अर्पचे. बाकीचं बरंचसं कोरीवकाम मात्र आजच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांनी केलं. म्हणूनच विलायती गॉथिक कमानींमध्ये मोर आणि इथली झाडंपानं दिसतात.

वास्तुकार फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स. १८७८ साली काम सुरू झालं, १८८७ साली राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवाला ‘व्हिक्टोरिया टर्मिनस’ हे नाव पडलं आणि १८८८ साली काम पुरं झालं. खर्च सुमारे १६ लाख १४ हजार रुपये. देखरेख करणाऱ्या अभियंत्यांत रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य होते. हे नाव मराठी वाचकांनाही क्वचितच ठाऊक असतं. १६ एप्रिल १८५३ ची ठाण्याची पहिली गाडी मात्र या इमारतीतून सुटलेली नाही. तेव्हा इथं बोरीबंदरचं साधं स्थानक होतं. ही गल्लत इतकी रुळली आहे की सोबत मुलं असतील तर आधीच सांगून ठेवा. १९९६ साली नाव छत्रपती शिवाजी टर्मिनस झालं, २०१७ साली त्यात ‘महाराज’ जोडलं गेलं. युनेस्कोच्या यादीत इमारत २००४ पासून आहे.

आत गेल्यावर घुमटाखालच्या जिन्याच्या मधोमध उभं राहून वर बघा. पायऱ्यांचं एक टोक भिंतीत रुतलेलं आणि दुसरं अधांतरी, खाली खांब नाही. जिथवर नेतील तिथवरच जा; वर रेल्वेची कार्यालयं चालू असतात. तळमजल्यावरचं जुनं तिकीटघर, ‘स्टार चेंबर’, रोजच्या वापरात आहे. इटालियन संगमरवराचे खांब, छतावर तारे आणि खाली तिकिटाची रांग. या रांगेत कोणी मान वर करत नाही. तुम्ही करा, पण रांगेच्या बाहेर उभं राहून.

फलाटांवर जायला लोकलचं तिकीट किंवा १० रुपयांचं प्लॅटफॉर्म तिकीट लागतं. प्लॅटफॉर्म तिकीट २ तास चालतं. एकूण फलाट १८. पहिले ७ लोकलचे, पुढचे ११ लांबच्या गाड्यांचे. १ आणि २ हार्बरचे. हार्बर मार्गावरूनच ३ फेब्रुवारी १९२५ रोजी भारतातली पहिली विजेवरची गाडी इथून कुर्ल्याला गेली. ट्रायपॉड लावायचा तर लेखी परवानगी हवी, नाहीतर सुरक्षा दलाचे जवान लगेच हटकतात. पाचनंतर फोर्टातली कचेऱ्यांची गर्दी स्थानकात शिरते. तेव्हा सबवेतून उलटं बाहेर पडणं म्हणजे प्रवाहाविरुद्ध पोहणं. तो तासभर समोरच्या कॅपिटॉल सिनेमाच्या इमारतीतल्या ‘आराम’मध्ये वडापाव खाऊन काढावा आणि दिवे लागल्यावर इमारत पुन्हा एकदा समोरून बघावी.

समोरची महापालिकेची इमारतही स्टीव्हन्सचीच, १८९३ साली पुरी झालेली. तीही आतून बघायचा बेत असेल तर एक अडचण आहे: तिथली वारसा फेरी शनिवार-रविवारी असते आणि आधी नोंदणी लागते. रेल्वेची फेरी कामाच्या दिवशी. दोन्ही एका दिवसात बसत नाहीत. बाहेरगावहून येणाऱ्यांनी शुक्रवार दुपार आणि शनिवार असा मुक्काम धरावा.