गेम घेतला दसऱ्याला, सुरू झाला दिवाळीला

सगळ्यात कामाची गोष्ट आधी सांगते, म्हणजे कुणाला घाई असेल तर तेवढं वाचून पुढे जाता येईल. ऑनलाइन गेम घेताना यूपीआयनं पैसे भरले, खात्यातून कापले गेले आणि दुकानाकडे मात्र पोचले नाहीत, तर त्या व्यवहाराचा बारा आकडी यूटीआर नंबर लगेच लिहून घ्या. बँकेचा मेसेज डिलीट करू नका. दुकानाच्या पानावर जे काही दिसतंय त्याचा तारीख-वेळेसकट स्क्रीनशॉट काढा. आणि बँकेत कुणी ‘सात वर्किंग डेज थांबा’ म्हणालं तर गप्प परत येऊ नका. नियम वेगळा आहे, तो पुढे लिहिते.

मला घ्यायचा होता ‘एज ऑफ एम्पायर्स टू’, म्हणजे गाव वसवून, सैन्य उभारून लढायचा कॉम्प्युटर गेम. मूळ गेम १९९९ चा. ज्यांचं कॉलेज २००० नंतरच्या पाच-सात वर्षांत झालं, त्यांना त्याची ओळख करून द्यायला नको. सांगलीत आमच्या घराजवळच्या सायबर कॅफेत मी आणि माझा धाकटा भाऊ शेजारशेजारच्या मशिनवर बसायचो. मेंढ्या शोधायच्या, गावकऱ्यांना लाकूडतोडीला लावायचं, सोन्याची खाण दिसली की आधी तिथे पोचायचं, आणि तिकडून भाऊ हत्ती घेऊन आला की किल्ल्यावरून बाण सोडायचे. त्या काळात तो गेम पैसे देऊन घेतलेला माणूस मी पाहिला नाही. एका सीडीच्या दहा सीड्या व्हायच्या आणि गावभर फिरायच्या. आता मी कमावते, आणि ज्या खेळानं मला इतका आनंद दिला तो एकदा तरी स्वतःच्या पैशानं रीतसर घ्यायचा, हे मनात पक्कं होतं.

नव्या रूपातली ‘डेफिनिटिव्ह एडिशन’ नोव्हेंबर २०१९ मध्ये आली. एप्रिल २०२२ मध्ये तिच्यासाठी ‘डायनेस्टीज ऑफ इंडिया’ हा जोड आला. त्यात बंगाली, द्रविड आणि गुर्जर अशा तीन नव्या सत्ता आल्या, आणि मधल्या काळात नुसते ‘इंडियन्स’ आले होते त्यांचे हिंदुस्तानी झाले. देवगिरीच्या यादवांना अजून स्वतंत्र जागा नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं. तरी पण १९९९ च्या मूळ खेळात भारत अजिबात नव्हता, त्या मानानं हे पुष्कळ आहे.

गेम मी स्टीमवर, म्हणजे गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानात, घ्यायचा ठरवला. भावाकडे तिथलाच आहे. तो बंगळुरूला असतो आणि ‘ताई, घे की आता’ म्हणून वर्षभर मागे लागला होता. स्टीमचा सेल २९ सप्टेंबर ते ६ ऑक्टोबर २०२५ असा होता. खंडेनवमीला संगणकाला हळदकुंकू वाहिलं आणि दुसऱ्या दिवशी, २ ऑक्टोबरला, दसऱ्याच्या मुहूर्तावर खरेदीचं बटण दाबलं. खातं उघडणं, फोनवर स्टीम गार्ड हे खात्याचं सुरक्षा-कुलूप लावणं, भाषा निवडणं, यात सांगण्यासारखं काही नाही. सगळं सरळ झालं.

पैसे भरताना यूपीआय निवडलं, फोनवर विनंती आली, पिन टाकला. बँकेचा मेसेज आला, पैसे वजा. इकडे पडद्यावर चक्र फिरत राहिलं आणि मग ‘खरेदी प्रलंबित’ असं आलं. गेम लायब्ररीत, म्हणजे घेतलेल्या गेम्सच्या यादीत, नाही.

अशा वेळी हात शिवशिवतात पुन्हा पैसे भरायला. एक तर स्टीमवर एक खरेदी लटकलेली असताना तोच गेम दुसऱ्यांदा घेता येत नाही, आणि जिथे घेता येतो तिथे दोनदा पैसे अडकायची भीती. मी थांबले. त्या दिवशी दसरा आणि गांधी जयंती एकत्र, त्यामुळे बँक बंद. ॲपमध्ये तक्रार नोंदवली. सकाळी बघते तर तक्रार ‘क्लोज्ड’. कारण काय, तर व्यवहार यशस्वी झाला आहे! बँक म्हणते यशस्वी, दुकान म्हणतं प्रलंबित, आणि मधे माझे पैसे.

मग मी शाखेत गेले. बँकेचं नाव लिहीत नाही, पण तिथे जे घडलं ते जसंच्या तसं लिहिते, कारण हे कुणाहीबरोबर होऊ शकतं.

टोकन घेतलं, नंबर आला, काउंटरवरच्या साहेबांना मोबाइल दाखवला. त्यांनी विचारलं, ‘‘कशाचे पैसे, मॅडम?’’

‘‘कॉम्प्युटर गेमचे.’’

‘‘गेमचे? ते तर सरकारनं बंद केलंय ना? ऑगस्टमध्येच.’’ हे एवढ्या मोठ्यानं, की मागची रांग माझ्याकडे बघायला लागली. रांगेत आमच्याच गल्लीतल्या एक काकू होत्या.

‘‘सर, पैसे लावून खेळायचे गेम बंद झालेत. हा विकत घ्यायचा गेम आहे, पुस्तक घेतो तसा.’’

‘‘रमी वगैरे नाही ना? नाही, कसंय, असल्या व्यवहारात आम्ही पडत नाही.’’

मला त्या क्षणी फार लागलं, आणि अजूनही ते डोक्यातून जात नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं ऑनलाइन खेळांचा जो कायदा केला, त्यात बंदी आली ती पैसे लावून पैसे जिंकायच्या खेळांवर. त्याच कायद्यात ई-स्पोर्ट्सना, म्हणजे स्पर्धा म्हणून खेळल्या जाणाऱ्या गेम्सना, आणि नुसत्या करमणुकीच्या खेळांना प्रोत्साहन द्यायचं म्हटलंय. बँकेतल्या माणसाला एवढा फरक ठाऊक हवा. आणि समजा नसला ठाऊक, तरी माझ्या खात्यातून पैसे गेले आणि पोचले नाहीत, त्याचा मी काय घेत होते याच्याशी काय संबंध? साडी घेतली असती तर एवढ्या मोठ्यानं विचारलं असतं का?

पुढे उत्तर आलं, ‘‘सिस्टममध्ये सक्सेस दाखवतंय. तुम्ही त्या गेमवाल्यांशीच बोला. आणि आले तर सात वर्किंग डेजमध्ये आपोआप येतील. मधे सुट्ट्या पण आहेत.’’

घरी येऊन मी रिझर्व्ह बँकेचं परिपत्रक शोधून काढलं. ते प्रत्येकानं फोनमध्ये ठेवावं इतकं उपयोगाचं आहे. तारीख २० सप्टेंबर २०१९, विषय फसलेले व्यवहार निस्तरायची मुदत आणि ग्राहकाला भरपाई. यूपीआयनं दुकानदाराला पैसे देताना खात्यातून रक्कम गेली आणि दुकानदाराकडे खात्री पोचली नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांच्या आत रक्कम आपोआप परत आली पाहिजे. त्यानंतर उशीर झाला तर दर दिवसाला १०० रुपये भरपाई. हे दिवस कॅलेंडरचे मोजायचे, कामकाजाचे नाहीत, हे तिथेच स्पष्ट केलेलं आहे. म्हणजे दसरा असो की रविवार, घड्याळ चालूच. २ ऑक्टोबरचा माझा व्यवहार, तर मुदत ७ ऑक्टोबर. आणखी एक, ग्राहकानं तक्रार करायची वाट न बघता बँकेनं आपण होऊन ही भरपाई द्यायची आहे. व्यक्तीनं व्यक्तीला पाठवलेल्या पैशांना मुदत याहूनही कमी, एकच दिवस.

तेवढ्यात ६ तारखेला रात्री साडेदहाला सेल संपला. मी ते पान उघडून बसले होते. सवलतीची किंमत गेली आणि मूळ किंमत आली. एवढ्यातेवढ्या रकमेसाठी रडायची माझी सवय नाही, पण दुसऱ्याच्या ढिलाईमुळे आपलं नुकसान होताना नुसतं बघत बसायचं, हे मला सहन होत नाही.

स्टीमच्या खरेदीच्या इतिहासात नंतर ती नोंद रद्द झालेली दिसायला लागली. त्यांच्या मदत विभागाला विचारलं, तर खरेदी पूर्ण झालेली नाही असं लेखी उत्तर आलं. हा कागद फार महत्त्वाचा ठरला. बँकेचं ‘सक्सेस’ खोडून काढायला समोरच्या पक्षाचं लेखी म्हणणं लागतंच. तेव्हा बँकेत जायच्या आधीच दुकानाकडून ते मागून घ्या, तुमचे हेलपाटे वाचतील.

मुदत उलटल्यावर मी पुन्हा शाखेत गेले, पण या वेळी काउंटरवर नाही, थेट मॅनेजरबाईंकडे. हातात साधा एका पानाचा अर्ज. त्यात तारीख, रक्कम, यूटीआर नंबर, स्टीमच्या उत्तराची प्रिंट, आणि परिपत्रकाच्या तक्त्यातल्या त्या ओळीखाली लाल पेनानं रेघ. अर्जाच्या दोन प्रती नेल्या होत्या. एकीवर शाखेचा शिक्का, सही आणि तारीख घेतली. सुरुवातीला ‘पोच कशाला, मी करते ना फोन’ असं झालं, पण मी खुर्चीवरून उठले नाही. पोच घ्याच. तोंडी तक्रारीला पुढे कुठेच किंमत नसते. घरी आल्यावर तोच अर्ज बँकेच्या नोडल अधिकाऱ्याला मेल केला. या अधिकाऱ्याचा पत्ता बँकेच्या साइटवर तक्रार निवारणाच्या पानावर असतो. बँकेनं तीस दिवसांत उत्तर दिलं नाही, किंवा दिलेलं उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या सीएमएस या तक्रारींच्या पोर्टलवर लोकपालाकडे तक्रार करता येते. तिथे फी लागत नाही, वकील लागत नाही. माहितीसाठी १४४४८ हा नंबर आहे. मी हे सगळं अर्जाच्या शेवटच्या ओळीत लिहिलं होतं, आणि मला वाटतं त्या ओळीनंच काम केलं.

आधी मूळ रक्कम आली, एकटीच. भरपाईचं नाव नाही. पुष्कळ जण इथे सुस्कारा सोडतात आणि विषय संपवतात. मी त्याच मेलला उत्तर देऊन उशिराचे दिवस मांडले आणि १०० रुपयांप्रमाणे हिशेब लिहून पाठवला. वसुबारसेच्या आधी पासबुक छापायला मशिनमध्ये सरकवलं, तर खाली भरपाईची वेगळी नोंद! मी ते पान तिथेच उभ्या उभ्या भावाला फोटो काढून पाठवलं. त्या आनंदापुढे गेम मिळाल्याचा आनंदही थोडा कमीच होता, हे मी मनापासून सांगते.

मग दुसऱ्या बँकेच्या नेटबँकिंगनं, पूर्ण किमतीला, गेम घेतला. चहाचं आधण ठेवून येईपर्यंत लायब्ररीत आलेला होता.

आता बाकीच्या गोष्टी, आठवतील तशा. पन्नास-एक जीबी जागा मोकळी ठेवा, आणि एसएसडी (वेगवान डिस्क) असेल तर गेम तिच्यावरच टाका. जास्त बारीक चित्रांचा एक फुकट जोड त्याबरोबर मिळतो, तो जुन्या मशिनवर टाकायची काहीच गरज नाही, उगाच डाउनलोड वाढतं. स्टीम डाउनलोडचा वेग मेगाबाइटमध्ये दाखवतं आणि आपली इंटरनेट कंपनी मेगाबिटमध्ये विकते, त्यामुळे ४० चं कनेक्शन असताना ५ दिसले तर कुणाशी भांडू नका, आठनं भागलेलं असतं ते. गेमचे पुढचे अपडेट रात्री ठरावीक वेळेतच आपोआप व्हावेत असंही सेटिंगमध्ये लावता येतं, घरात मुलांचे क्लास ऑनलाइन असतील तर हे बरं पडतं. मेनू हिंदीत करता येतो. माझ्या आईला त्यामुळे पडद्यावर काय चाललंय ते कळायला लागलं.

इतरांशी रँकिंगचे सामने खेळायचे असतील तर आधी एक बेंचमार्क, म्हणजे मशिनचा वेग मोजणारी, चाचणी द्यावी लागते, तिच्यात १००० गुण हवेत. नाही पडले तर ग्राफिक्स खाली आणून पुन्हा द्या. माझ्या जुन्या डेस्कटॉपनं सावल्या बंद केल्यावर मजेत पार केली. आणि घेतल्यावर मशिनवर चाललाच नाही, तर चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांहून कमी खेळला असाल तर स्टीम पैसे परत देतं. डाउनलोडचा वेळ त्या दोन तासांत धरत नाहीत, खेळायचा धरतात. म्हणून पहिल्याच दिवशी चालवून बघा. भाऊ-बहिणींनी एकाच वेळी खेळायचं असेल तर प्रती दोन लागतात. स्टीमच्या कुटुंब सोयीत एक प्रत एका वेळी एकालाच वापरता येते.

भाऊबीजेला भाऊ लॅपटॉप घेऊन आला. फराळाची ताटं बाजूला सारून आम्ही बसलो, आणि पहिला डाव मी जिंकला, हिंदुस्तानी घेऊन, उंटांच्या जोरावर.

दिवाळीनंतर बँकेत आणखी एक अर्ज देऊन आले. रिझर्व्ह बँकेच्या त्या परिपत्रकातला तक्ता मराठीत करून शाखेच्या नोटीस बोर्डावर लावावा, अशी मागणी केली आहे. मराठी मजकूर मीच टाइप करून सोबत जोडलाय. मॅनेजरबाई ‘बघते’ म्हणाल्या. त्याही अर्जाची पोच माझ्याकडे आहे.