डायनामेना प्युमिलाच्या शोधात: ओहोटीच्या खडकांवरील नोंदी

डायनामेना प्युमिला ही हायड्रॉइडची (वनस्पतीसारख्या दिसणाऱ्या, वसाहत करून राहणाऱ्या छोट्या सागरी प्राण्यांची) जात उत्तर अटलांटिकच्या खडकाळ किनाऱ्यावर कुठवर पसरली आहे, हे नोंदवण्यासाठी आम्ही पौर्णिमेनंतरच्या उधाणाचे दिवस निवडले, कारण फ्यूकस सेराटस या दातेरी कडेच्या तपकिरी शैवालाचा पट्टा तेव्हाच्या ओहोटीत पूर्ण उघडा पडतो. यापुढे अशा शोधाला जाणाऱ्यांनी पाणी सर्वांत खाली जाण्याच्या दोन तास आधीच उतरावे आणि ओसरत्या पाण्यामागोमाग सरकत जावे. भरती लागल्यावर निसरड्या शैवालावरून घाईने परतणे धोक्याचे असते.

शैवालाची पाती उलटून पाहिली की जेमतेम दोन-तीन सेंटीमीटर उंचीचे ताठ, तपकिरी कोंभ दिसतात. दहापट भिंगाखाली खोडाच्या दोन्ही बाजूंना पॉलिपचे (वसाहतीतल्या एकेका छोट्या जीवाचे) पेले अगदी समोरासमोर जोडीने बसलेले आढळले, तर ओळख बरीचशी पटते. ओबेलिया जेनिक्युलेटा या दुसऱ्या हायड्रॉइडमध्ये खोड नागमोडी असून पेले आळीपाळीने, छोट्या देठांवर असतात. खरी फसगत अँफिस्बेशिया ऑपरक्युलाटा करते, कारण तिचेही पेले जोडीनेच असतात. मात्र तिचे झुबके लांब व केसांसारखे बारीक असतात आणि पेल्याच्या तोंडाशी दोन अणकुचीदार टोके दिसतात. शंका उरल्यास पातीचा छोटा तुकडा समुद्राच्या पाण्यात न्यावा, मॅग्नेशियम क्लोराइडने पॉलिप शिथिल करावेत आणि मगच अल्कोहोलमध्ये ठेवावेत. फॉर्मॅलिनमध्ये आकार उत्तम टिकतो, पण डीएनए तपासणीसाठी तो नमुना जवळजवळ वाया जातो.

किनाऱ्यावर वाहून आलेल्या शैवालावरही वसाहती भरपूर मिळतात, आणि मोह तिथेच होतो. पॉलिप मेल्यावरही त्यांचे कठीण आवरण टिकून राहते, त्यामुळे असा नमुना ही जात तिथे राहते याचा पुरावा ठरत नाही. तो ‘वाहून आलेला’ असा वेगळा नोंदवावा.

अक्षांश-रेखांशासोबत त्यांची अचूकता किती मीटरची आहे, तारीख, आधाराचे शैवाल, ओहोटी-पट्ट्यातील जागा आणि वसाहत जिवंत होती का, हे जागेवरच लिहावे. या जातीत मुक्तपणे पोहणारी मेड्युसा (जेलीफिशसारखी) अवस्था नसते आणि अळ्याही फार दूर जात नाहीत, म्हणून ती जिथे सापडत नाही त्या जागांची नोंद माझ्या मते सापडल्याच्या नोंदीइतकीच मोलाची आहे. मात्र त्यासाठी प्रत्येक ठिकाणी सारखाच वेळ आणि सारख्याच शैवालावर शोध घेतलेला असावा, आणि तो वेळही वहीत उतरवावा.