आय7 नको, नंबरपॅड हवा

ऑक्टोबर 2025 मधला तो आठवडा जळगावात कॉम्प्युटरचा धंदा करणाऱ्या कुणाच्याही लक्षात असेल. 14 तारखेला विंडोज 10 चे नेहमीचे सुरक्षा अपडेट बंद झाले आणि 18 ला धनत्रयोदशी होती. गोलाणी मार्केटमधल्या माझ्या दुकानात उभं राहायला जागा नव्हती. निम्मे लोक विचारत होते, ‘जीएसटी उतरला म्हणे, मग लॅपटॉप कितीने स्वस्त झाला?’ 22 सप्टेंबरपासून मोठे टीव्ही आणि एसी 28 टक्क्यांवरून 18 वर आले होते, पण लॅपटॉप आधीपासूनच 18 वर होता आणि तिथेच राहिला. उरलेले निम्मे जुनं मशीन काखेत घेऊन आले होते. आता हे फेकायचं का, हा त्यांचा प्रश्न. लगेच फेकायची गरज नाही, नोंदणी केली तर 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत वाढीव सुरक्षा अपडेट मिळतात, हे मी दिवसभर सांगत होतो.

अशा गर्दीत फैजपूरहून सासू-सून आल्या. भुसावळमार्गे एसटीने, हातात कापडी पिशवी, पिशवीत टॉवेलमध्ये गुंडाळलेला लॅपटॉप. त्यांचा पापड, बिबडे, कुरडया आणि काळ्या मसाल्याचा घरगुती उद्योग. सुरतेला उधन्यात आपल्या खान्देशातली मंडळी भरपूर, तिथल्या एका दुकानदाराने नियमित माल मागितला होता आणि पक्कं बिल हवं म्हणून सांगितलं होतं. ओळखीतल्या एकाने हा लॅपटॉप वीस हजारांत देऊ केला होता. ‘आय7 आहे, घ्या डोळे झाकून’ असं त्याचं म्हणणं. पैसे अजून दिले नव्हते. आधी तपासून घेऊ, हा आग्रह सुनेचा. तिच्या या एका गोष्टीचं मला फार कौतुक वाटलं, कारण आमच्याकडे बहुतेक लोक पैसे मोजून झाल्यावर तपासायला आणतात.

काकू स्टुलावर बसत म्हणाल्या, “मले त्यातलं काई समजत नाई भाऊ. पण हे हिच्या हाताखाली चाललं पायजे.”

मशीन चालू केलं. स्टिकरवर आय7, म्हणजे इंटेलच्या वरच्या दर्जाच्या प्रोसेसरचं नाव, खरंच होतं. पण आत प्रोसेसरचा पूर्ण नंबर दिसला तो आय7-6600यू. इंटेलच्या या नावांत सातनंतरचा आकडा पिढी सांगतो. 6600 म्हणजे सहावी पिढी, 2015 सालची. कोर, म्हणजे प्रोसेसरमधले एकाच वेळी काम करणारे भाग, फक्त दोन. विंडोज 11 साठी मायक्रोसॉफ्टच्या यादीत इंटेलची साधारण आठव्या पिढीपासूनची मशीनं आहेत, म्हणजे याच्यावर जे विंडोज 11 दिसत होतं ते तपासणी चुकवून घातलेलं होतं. असं मशीन चालतं, पण दर वर्षीचा मोठा अपडेट आपसूक येत नाही. ज्या मशीनवरून बँकेचं आणि जीएसटीचं काम होणार, तिथे मी हे कुणालाच घेऊ देत नाही.

मग बॅटरीचा अहवाल काढला. विंडोजमध्येच ती सोय असते: कमांड प्रॉम्प्टमध्ये पॉवरसीएफजी बॅटरीरिपोर्ट ही आज्ञा दिली की नव्या बॅटरीची क्षमता आणि आजची क्षमता शेजारी-शेजारी दिसते. याची निम्म्याहून खाली आली होती. मागचं झाकण खोललं तर पंख्याच्या पात्यांवर राखाडी लोकरीसारखा थर आणि प्रोसेसरवरची, उष्णता बाहेर नेणारी पेस्ट वाळून खपली झालेली. वीस हजारांवर बॅटरी, साफसफाई आणि एक-दोन वर्षांत पुन्हा नवीन खरेदी. मी सगळं त्यांच्यासमोर उघडं ठेवलं आणि दाखवलं. सुनेने वहीत तिन्ही गोष्टी लिहून घेतल्या.

आता नवीन घ्यायचा तर कोणता? त्या वेळी काउंटरवर दोन होते, दोन्ही चाळीस हजारांच्या आतले. एक चौदा इंची, बारीक, हलका, चंदेरी, आत एएमडी कंपनीचा रायझन 5 7520यू प्रोसेसर. दुसरा पंधरा पॉइंट सहा इंची, काळा, जरा जाड, आत इंटेलचा आय3-1215यू. काकूंचा हात चंदेरीकडे गेला. मी सुनेला म्हटलं, ताई, तुम्ही बसा आणि वहीतली दहा-बारा बिलं दोन्हीवर टाकून बघा.

वही उघडली. उडीद पापड पाच किलो, बिबडे तीन, कुरडया दोन, काळा मसाला दीड. चंदेरी मशीनवर तिने सुरुवात केली आणि प्रत्येक रकमेला तिचा उजवा हात कीबोर्डच्या उजव्या टोकाकडे जायचा, तिथे काहीच नसायचं, मग परत वरच्या ओळीतले आकडे शोधायचा. दोन ओळींनंतर तीच थांबली. लग्नाआधी ती एका पतपेढीत पिग्मीच्या नोंदी करायची. रोज संध्याकाळी एजंट रक्कम आणणार आणि ही नंबरपॅडवर, म्हणजे कीबोर्डच्या उजवीकडच्या आकड्यांच्या चौकटीवर, न बघता ठोकणार. काळ्या मशीनला नंबरपॅड होता. तिथे बसल्यावर तिची नजर वहीवरून हललीच नाही. बोटं चार-पाच-सहावर टेकलेली, अंगठा शून्यावर, करंगळी एंटरवर. शेजारी उभी गिऱ्हाइकं बघत राहिली. मी इतकी वर्षं लॅपटॉप विकतो, पण एखादं यंत्र एखाद्या हाताला बसतं म्हणजे काय, हे इतकं स्वच्छ क्वचितच दिसलंय.

वेगळा यूएसबी नंबरपॅड मिळतो, स्वस्तही असतो. पण त्यात एक पोर्ट जातं. यांना बिलाचा प्रिंटर, पाकिटावर वजन, पॅकिंगची तारीख आणि एफएसएसएआय (अन्नसुरक्षा परवान्याचा) नंबर छापायला लेबल प्रिंटर आणि पेन ड्राइव्ह एवढं रोज लावायचं होतं. चंदेरी मशीनला नेहमीचे चौकोनी यूएसबी एकच.

दुसरी गोष्ट काकूंमुळे कळली. सून बसलेली, त्या मागे उभ्या. चंदेरीच्या पडद्यावर त्यांना अक्षरं धुरकट दिसत होती, कारण तो टीएन प्रकारचा पडदा, वरून किंवा बाजूने बघितलं की रंग फिके पडतात. काळ्याचा आयपीएस होता, तो बाजूनेही नीट दिसतो. माल कुणाला किती गेला हे रोज दोघी मिळून बघणार, एक बसून, एक उभ्याने, तर हा फरक प्रोसेसरपेक्षा मोठा आहे असं माझं मत.

प्रोसेसरचंही सांगतो, कारण नावं फसवतात. 7520 वाचून वाटतं की सात हजारची मालिका म्हणजे एकदम नवं. पण त्या मालिकेत तिसरा आकडा आतल्या रचनेची पिढी दाखवतो, आणि तो 2 आहे, म्हणजे 2019 ची झेन 2 रचना. शिवाय त्या चिपला बोर्डवरच पक्की बसवलेली रॅमच (चालू कामाची तात्पुरती मेमरी) लागते, आठ जीबी घेतली तर कायम आठच. दुसरीकडे आय3-1215यू नावाने लहान, पण बाराव्या पिढीचा (इथे पहिले दोन आकडे पिढीचे), सहा कोरचा. टॉवेलातल्या त्या आय7 चे दोन कोर बाजूला ठेवून बघा. आणि काळ्या मशीनमध्ये रॅमची एक जागा रिकामी होती. हिशेबाचं सॉफ्टवेअर टॅली, ब्राउझरमधलं जीएसटी पोर्टल आणि व्हॉट्सॲप एकत्र चालायला आठ जीबी पुरते. घरचा मुलगा डिप्लोमाला होता, त्याची ड्रॉइंगची सॉफ्टवेअर आली की सोळा करावी लागणार, ती तेव्हा करता येईल.

तेवढ्यात शेजारचं गिऱ्हाईक म्हणालं, “वहिनी, बिल फर्मच्या नावाने करा, सगळा जीएसटी परत मिळतो.” हे इतक्या ठिकाणी ऐकतो की तिथेच थांबून बोललो. पापडावर जीएसटी शून्य आहे. नुसतं पापड विकणाऱ्याला नोंदणीची सक्ती नाही आणि करमुक्त मालासाठी घेतलेल्या वस्तूचं क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट, तीही नाही. यांना नोंदणी लागली ती मसाल्यामुळे. मसाला 5 टक्क्यांत येतो आणि तो सुरतेला, म्हणजे राज्याबाहेर जाणार, तिथे उलाढाल लहान असली तरी नोंदणी घ्यावी लागते. म्हणजे 18 टक्क्यांतला जो वाटा करपात्र मालाच्या कामाचा तेवढ्याचंच क्रेडिट, पापडाचा आणि मुलाच्या अभ्यासाचा वाटा त्यातून वजा. तो हिशेब तुमचे सीए मांडतील, मी बिलावर नंबर घालून देतो. सुनेने हेही लिहून घेतलं. काकूंना मात्र पापडावर कर नाही हे ऐकून फार बरं वाटलं. “गरिबाच्या ताटातला पदार्थ आहे तो,” म्हणाल्या.

काळा लॅपटॉप ठरला. वॉरंटीचा माणूस फैजपूरला येतो की मशीन जळगावला आणावं लागतं, ते कंपनीला फोन लावून पिनकोडसकट विचारून घेतलं. हे बिल फाडायच्या आधी विचारायचं असतं.

मशीन कुठे ठेवणार विचारलं तर पत्र्याच्या शेडमध्ये, पापड लाटायच्या जागेजवळ. तिथे नको म्हटलं. बहुतेक कंपन्या आजूबाजूचं तापमान 35 अंशांपर्यंत गृहीत धरतात, आपल्याकडे मे महिन्यात 45 च्या वर जातं आणि पत्र्याखाली त्याहून जास्त. उष्णतेने लिथियम बॅटरी सर्वात लवकर म्हातारी होते. त्यात उडदाचं पीठ पंख्यात गेलं की टॉवेलातल्या मशीनसारखी गत. घरात, मधल्या खोलीत, लाकडी टेबलावर. दिवसभर चार्जरला लावूनच चालणार म्हणून चार्जिंग 80 टक्क्यांवर थांबवायची सेटिंग करून दिली.

दोन वेगळी खाती केली. मुलाच्या खात्याला काही नवीन टाकायची परवानगी दिली नाही. त्याला जे हवं ते आईच्या पासवर्डने टाकायचं. कामाच्या मशीनवर फुकटचे गेम उतरवून टॅलीचा डेटा गेलेली घरं मी पाहिली आहेत, आणि त्यांच्यासमोर उभं राहून ‘आता परत येणार नाही’ म्हणणं फार जड जातं. सुनेने पासवर्ड टाकला तो सासूकडेही पाठ फिरवून. काकूंनी मान वळवली आणि म्हणाल्या, “बरोबर आहे, मलेबी नको सांगू.”

टॅलीचा बॅकअप पेन ड्राइव्हवर कसा घ्यायचा ते तिच्याकडून तीनदा करून घेतलं. पेन ड्राइव्ह दोन दिले. एक लॅपटॉपच्या पिशवीत ठेवायचा नाही, घरातल्या कपाटात ठेवायचा; दुसरा गल्लीतल्या नणंदेकडे. दर महिन्याच्या 11 तारखेला, जीएसटीआर-1 (विक्रीचं जीएसटी विवरणपत्र) भरून झाला की, कपाटातल्यावर ताजा डेटा घेऊन तो नणंदेकडे द्यायचा आणि तिच्याकडचा जुना परत आणायचा. जुना आय7 पुन्हा टॉवेलात गुंडाळला, ज्याचा त्याला परत द्यायला. साडेपाचची एसटी होती, म्हणून नवीन खोकं माझ्या पोराने स्टँडपर्यंत नेऊन दिलं.