पाचशे ग्रॅम शिंपले

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी चार ओळी लिहा, असा शाळेचा निरोप आला आणि डोळ्यांपुढे उभा राहिला तो रसायनशास्त्राच्या सरांचा फळा. दिलेली राशी, तिच्यापुढे ओळीने अपूर्णांक, आणि खडूच्या तिरक्या रेघांनी कटत गेलेली एककं.

आमचं घर खाडीकाठी, बाबांची चुन्याची भट्टी. सरांना ते ठाऊक होतं. अकरावीत त्यांनी गणित घातलं: शिंपल्यांतलं ५०० ग्रॅम कॅल्शिअम कार्बोनेट भाजलं, तर कळीचा चुना किती निघेल? रेणुवस्तुमानं मला पाठ होती, कार्बोनेटचं १०० आणि चुन्याचं ५६. घाईत १०० वर गेले, ५६ खाली. उत्तर आलं ८९३.

सर शांतपणे म्हणाले, "बाबांना विचार गं, भरतो त्यापेक्षा जास्त चुना कधी निघालाय का?"

मग त्यांनी मला फळ्याशी बोलावलं. "आकडा एकटा सोडायचा नाही. सोबत एकक हवं, आणि ते कशाचं तेही हवं." मोल म्हणजे पदार्थाचे रेणुवस्तुमानाइतके ग्रॅम. १०० ग्रॅम कार्बोनेट म्हणजेच १ मोल, म्हणून १ मोल भागिले १०० ग्रॅम या अपूर्णांकाची किंमत १. एकाने गुणलं तर माल तेवढाच राहतो, मोजायचं माप तेवढं बदलतं. हे उमगलं त्या क्षणी माझी रसायनाची भीती गेली. कार्बोनेटचा ग्रॅम चुन्याच्या ग्रॅमशी कटत नाही, हेही तेव्हाच कळलं. मधे समीकरण लागतं: १ मोल कार्बोनेटमागे १ मोल चुना. ५०० ग्रॅमचे ५ मोल, ५ मोलचा २८० ग्रॅम चुना. माझ्या उलट्या अपूर्णांकात ग्रॅम कटलेच नसते, एककं आणि ती कशाची हे लिहिलं असतं तर चूक तिथेच दिसली असती.

आज मी प्रयोगशाळेत काम करते. नवीन मुलांच्या वहीत नुसता आकडा दिसला की वही परत देते. त्यांना ते जाचक वाटत असेल, पण यात मी सूट देत नाही.

त्या संध्याकाळी बाबांना उत्तर सांगितलं. ते म्हणाले, "बरोबर, निम्म्याहून थोडा जास्तच निघतो. पण बाकीचं जातं कुठे?" २२० ग्रॅम, ५ मोल कार्बन डायऑक्साइड. मी भट्टीच्या तोंडाकडे बोट दाखवलं. वरची हवा थरथरत होती. बाबा बराच वेळ तिकडे बघत राहिले.