हायफू, सुया आणि वाट बघणं: माझा अनुभव

मी आधी अल्ट्रासाउंडवालं फेस लिफ्टिंग (हायफू म्हणतात ते) करून घेतलं आणि नंतर मायक्रोनीडलिंग, म्हणजे चेहऱ्यावर बारीक सुया टोचून घेणं, आणि आता जी भेटेल ती मैत्रीण विचारते की काय गं, फरक पडतो का खरंच, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. जादू बिदू काही नाहीये. पण थापही नाहीये.

माझा प्रॉब्लेम सुरकुत्यांचा नव्हताच. जबड्याची कड पुसट झालेली, गाल दोन्ही बाजूंनी खाली उतरल्यासारखे, हनुवटीखाली कातडी सैल. दोन ठिकाणी दाखवलं. पहिल्या ठिकाणी मी खुर्चीत नीट बसायच्या आत पॅकेजचा कागद समोर आला, कोणीतरी चेहऱ्याला हातसुद्धा न लावता "हे घ्या, बेस्ट आहे" म्हणालं, मी तिथूनच परत फिरले. दुसऱ्या डर्मॅटॉलॉजिस्ट मॅडमकडे बराच वेळ मशीनचं नावच निघालं नाही. त्यांनी मला बसवूनच तपासलं (आडवं झालं की गाल मागे जातात, मग सगळेच तरुण!), जबड्याजवळची कातडी चिमटीत धरून सोडली आणि किती पटकन जागेवर जाते ते बघितलं, हसायला लावलं, दात आवळायला लावले. मग म्हणाल्या, "तुमचं थोडं कातडीमुळे आहे, थोडं चरबी खाली सरकलीये म्हणून आणि थोडं हाडामुळे. अल्ट्रासाउंडचं मशीन मी फक्त कातडीसाठी वापरणार."

हे हाडाचं मला नवीनच होतं. वय वाढतं तसं डोळ्याच्या खोबणीचं, वरच्या जबड्याचं हाड झिजत जातं, त्यामुळे वरच्या मांसाचा आधारच कमी होतो. कोलॅजन, म्हणजे कातडीला घट्ट धरून ठेवणारं प्रोटीन, तर तरुणपणीच वर्षाला साधारण १ टक्क्यानं कमी व्हायला लागतं म्हणे, आणि ऊन लागलं की अजून जास्त. एवढं सगळं ऐकल्यावर वरून चोळायच्या क्रीमकडून गाल उचलले जातील ही आशा आपोआप मावळते.

आता हे चालतं कसं, कारण मला ते समजल्याशिवाय चेहरा कोणाच्या हातात द्यायचा नव्हता. अल्ट्रासाउंडच्या लहरी एका ठराविक खोलीवर एकवटतात, तिथे तापमान ६० ते ७० डिग्रीपर्यंत जातं आणि मिलिमीटरभराचा एक ठिपका भाजतो, वरच्या कातडीला मात्र धक्का लागत नाही. खोली प्रोब (मशीनचं कातडीवर टेकवायचं टोक) बदलून ठरते: १.५, ३ आणि ४.५ मिलिमीटर. यातला ४.५ वाला पोचतो तो थर म्हणजे स्मास, फेसलिफ्टच्या ऑपरेशनमध्ये सर्जन जो थर ओढून शिवतात तोच. उष्णतेनं कोलॅजनचे धागे लगेच आखडतात, गरम पाण्यात लोकरीचा स्वेटर आटतो तसे. पण खरं काम त्यानंतरचं. शरीराला वाटतं जखम झाली, मग सूज येते, दुरुस्ती करणाऱ्या पेशी गोळा होतात, आधी घाईघाईत कच्चं कोलॅजन तयार होतं (टाइप ३) आणि मग महिनोन्महिने ते काढून त्या जागी पक्कं (टाइप १) बसत राहतं. थोडक्यात मशीन जखम करतं, बाकी सगळं आपलं शरीर करतं, आणि म्हणूनच एकाच मशीनवर एकीला छान रिझल्ट येतो आणि दुसरीला नाही. सिगरेट ओढणारी, उन्हात राबणारी, खूपच सैल कातडी असलेली, यांना कमीच मिळतं. मॅडमनी हे पैसे घ्यायच्या आधी सांगितलं म्हणून मी त्यांच्याकडे थांबले.

मशीनमध्येही फरक आहे. अमेरिकेच्या एफडीएनं (औषधं आणि मशीन तपासणारी तिथली सरकारी संस्था) यातल्या अल्थेरा नावाच्या मशीनला भुवया उचलण्यासाठी २००९ मध्ये मान्यता दिली, हनुवटीखालच्या भागासाठी नंतर. त्यात स्क्रीनवर आतले थर दिसतात, म्हणजे ठिपका कुठे पडणार ते डॉक्टर बघून मारतात. हायफू नावानं मिळणाऱ्या बऱ्याच मशीनमध्ये हा स्क्रीन नसतो, अंदाजानं चालतं. हा एक प्रश्न नक्की विचारा.

प्रत्यक्ष दिवशी आधी प्रश्नच प्रश्न: पेसमेकर आहे का, चेहऱ्यात धातूची प्लेट, आधी फिलर (चेहरा भरायचं इंजेक्शन) घेतलंय का, ओठांवर नागीण उठते का, रक्त पातळ करायच्या गोळ्या, प्रेग्नन्सी. मग मेकअप न करता समोरून, तिरके आणि बाजूने फोटो, सगळे एकाच लाइटमध्ये. पांढऱ्या पेन्सिलीनं चेहऱ्यावर रेघा आखल्या, जिथून नस (रक्ताची नाही, स्नायू हलवणारी, नर्व्ह) जाते तो भाग सोडून, कारण जबड्याच्या कडेची नस दुखावली तर काही आठवडे हसताना ओठ वाकडा होऊ शकतो. बहुतेक वेळा भरून येतं, पण तरी.

दुखतं का? हो, दुखतं. भुलीचं क्रीम लावलं होतं पण ते ४.५ मिलिमीटरपर्यंत कुठलं पोचायला. गालावर ठीक होतं, जबड्याच्या हाडाशी आलं की सण्णकन कळ यायची आणि ती थेट दातात. मॅडम दर ओळीआधी "आता येतंय हं" म्हणायच्या, त्याचा उपयोग व्हायचा. कपाळावर परत तेच. पूर्ण होईपर्यंत माझ्या मुठी वळलेल्या होत्या.

संध्याकाळी आरशात बघते तर चेहरा मस्त ताठ! मुलगी म्हणाली आई तू वेगळीच दिसतेयस. ती सूज होती. उतरली, आणि मी होते तिथेच. हा काळ सगळ्यात वैतागाचा, कारण दाबलं की जबडा हुळहुळतो आणि दिसत तर काहीच नाही. इंटरनेटवर जे लगेचचे आधी-नंतरचे फोटो असतात ते बघताना ही सूज लक्षात ठेवा, आणि दुसऱ्या फोटोत मान थोडी वर आणि लाइट समोरून आहे का तेही बघा.

तिसऱ्या महिन्याच्या आसपास जुने फोटो शेजारी ठेवले तेव्हा कळलं. बाजूच्या फोटोत जबड्याची कड दिसायला लागली होती, हनुवटीखालचं थोडं आवळलं होतं. गाल? किंचित. कोणाला न सांगता करून घेतलं असतं तर कोणाच्या लक्षात आलं नसतं, "झोप चांगली झालेली दिसते" एवढंच.

मायक्रोनीडलिंग मी वेगळ्या कारणासाठी केलं, गालावरची उघडी रोमछिद्रं आणि जुने खड्डे. ते लिफ्टिंग नाहीच, कोणी तसं सांगून गळ्यात मारलं तर ऐकू नका. बारीक सुयांनी भोकं पाडायची, जखम भरताना नवीन कोलॅजन. तत्त्व तेच. सुयांतून रेडिओफ्रिक्वेन्सीची उष्णता सोडणारा प्रकारही आहे, पण त्यात भाजणं, डाग, चरबी झिजून खड्डा पडणं, नसेला इजा अशा तक्रारी आल्या म्हणून एफडीएनं २०२५ मध्ये सावधगिरीची सूचना काढली. मी साधाच घेतला. चेहरा एक-दोन दिवस उन्हानं भाजल्यासारखा लाल. स्वतःचं रक्त काढून त्यातला प्लेटलेटवाला भाग लावायचा, ते पीआरपी, त्याबद्दल मॅडमच फार उत्साही नव्हत्या, प्रत्येक ठिकाणी ते वेगळ्या पद्धतीनं काढतात त्यामुळे खात्रीनं सांगता येत नाही म्हणाल्या, मग मीही सोडून दिलं.

सावळ्या रंगाच्या सगळ्यांना एक सांगते, आपल्या कातडीला जखम झाली की काळा डाग राहायची शक्यता जास्त. लेझर किंवा सुया करायच्या असतील तर डॉक्टरांना आपल्यासारख्या रंगावर काम केलेले फोटो दाखवायला सांगा, आणि नंतर सनस्क्रीन म्हणजे सनस्क्रीन, ढग असले तरी.

पुढचं अल्ट्रासाउंड वर्षभरानंतर बघू असं ठरलंय, फोटो बघूनच. तोवर रात्री रेटिनॉल (व्हिटॅमिन ए वालं क्रीम) लावते, सुरुवातीला सालं निघत होती म्हणून एक दिवसाआड.