खारट गूळ

गेल्या वर्षी नाशिकला एका वायनरीत आम्ही ग्लास गोल फिरवत उभे होतो. ही शेनिन ब्लाँ, ही सोव्हिन्यो ब्लाँ, हिला पेरूचा वास येतोय बघा, ही शिराझ, हिच्यात मिरीचा झणका. मी प्रत्येक वेळी मान डोलावली. खरं सांगते, मला कशाचाच वास आला नव्हता.

यंदा जानेवारीत कोल्हापूर. अंबाबाई, रंकाळा, पन्हाळा, तांबडा-पांढरा सगळं यथासांग झालं. त्यावर लिहिणारे रग्गड आहेत. तिसऱ्या दिवशी भोगावतीच्या काठाने परतताना उकळत्या रसाचा वास गाडीत शिरला आणि नवऱ्याने न विचारताच गाडी वळवली.

गुऱ्हाळ घरचंच. थोरला चरकावर, धाकटा चुलवणात चिपाडं सारतोय, सून वजनाला आणि रस उकळणाऱ्या काहिलीशी सत्तरीचे आजोबा, तेच गूळ पाडणारे गुळव्या. "भाईरचा गुळव्या परवडत न्हाई." रसावर आलेली मळी झाऱ्याने काढून झाली होती. पाक आटला तसे बुडबुडे जड झाले. आजोबांनी थोडा पाक थंड पाण्यात सोडला, बोटांनी गोळी वळली आणि काहिलीच्या काठावर मारली. टण्ण. "उतरवा!" सगळ्यांनी मिळून काहील गूळ थंड करायच्या वाफ्यात कलंडवली. थर्मामीटर लावला तर ११८ अंशांच्या आसपास भरतं म्हणे. तिथे थर्मामीटर नव्हता.

मी शहाणपणाने कोल्हापुरी गुळाच्या जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकनाचं सांगितलं, २०१४ साली मिळालं ते. आजोबांनी ऐकून घेतलं. मग मी उसाची जात कुठली विचारलं.

"८६०३२. ९२००५ बी गुळाला ब्येस. पर ताई, ऊस नगा इचारू, रान इचारा."

आणि दोन खडे हातावर ठेवले. पहिला मळीच्या रानातला. मळी म्हणजे मघाचीच घाण वाटून माझा चेहरा पडला, तशी सून फिसकन हसली. नदीचा गाळ हो! खडा जिभेवर ठेवताच विरघळला. दुसरा काळपट, हाताला ओलसर. आधी गोड, आणि मागून खारट. चक्क खारट! नाशिकला माना डोलावणाऱ्या मला कळलं.

"हे कुठलं रान?"

आजोबा काहील खरवडत राहिले. थोरला म्हणाला, "आमचंच. लई पाणी पाजलं, मीठ फुटलं." असा गूळ पाझरतो, ढेप टिकत नाही, सौद्यात भाव पडतो.

मला तोच हवा होता. "ते इकत न्हाई. घरात खातो."

शेवटी मळीच्या रानातली पाच किलोची ढेप घेतली. उरलेला खारट तुकडा कागदात गुंडाळून पर्समध्ये टाकला. पुण्यात पोचेपर्यंत पर्सचं अस्तर चिकट झालं होतं.